व्हॅक्युम पॅकमधलं मटण काळपट दिसतंय, वासही येतोय: शिजवायचं की टाकायचं?

धुळवड, आखाडातले शेवटचे रविवार, खंडेनवमी आणि गावोगावच्या जत्रा. हे दिवस आले की दुकानाचा फोन सकाळपासून वाजत राहतो आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "भाऊ, काल नेलेलं पाकीट आत्ता कापलं. मटण काळं पडलंय की ओ! वासपण मारतोय. शिजवू काय टाकू?" टिळकवाडीतल्या काकू असोत, येळ्ळूरचे अण्णा असोत, नाहीतर खानापूरकडचा नवा संसार थाटलेला एखादा मुलगा असो, सगळे घाबरतात ते याच दोन गोष्टींना: रंग आणि वास.

मी बेळगावात मटण-चिकन थंड करून, व्हॅक्युम पॅक करून विकतो. फोनवर घाईघाईत सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. यात नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. चांगलं मटण नुसता रंग बघून कचऱ्यात जातं, आणि आजच्या भावात किलोभर मटण टाकून देणं कुणाला परवडतं? दुसरं नुकसान त्याहून मोठं. खरोखर उतरलेलं मटण "जरा चटणी वाढवूया, आलं-लसूण जास्त घालूया, चार शिट्ट्या जास्त काढूया" असं म्हणत शिजवलं जातं आणि रात्री घरातली पोरं उलट्या-जुलाबांनी बेजार होतात.

बहुतेक जण आधी रंग बघतात, मग वास घेतात, आणि पाकीट दुकानातून घरी येईपर्यंत किती वेळ उन्हात होतं हा विचार सगळ्यात शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी वेळेचा हिशोब, मग पाकिटाची अवस्था, मग वास, मग स्पर्श. रंगाला सगळ्यात कमी किंमत द्या.

आधी वेळेचा हिशोब

मांसाला वास आणणारे, ते चिकट करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू वेगळे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया हे मांसावर असले तरी नाकाला काही कळत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. त्यातला लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. म्हणजे वास चांगला आला म्हणून मटण चांगलं, असं म्हणता येत नाही. वाईट वास आला आणि तो टिकून राहिला तर मात्र ते टाकायचं, हे नक्की.

व्हॅक्युम पॅकमध्ये हा धोका थोडा जास्त समजून घ्यावा लागतो. उघड्यावरच्या मटणाला ज्या जंतूंमुळे लवकर घाण वास सुटतो, त्यांना हवा लागते. पाकिटात हवा नसल्यानं ते मागं पडतात, म्हणूनच मटण जास्त दिवस टिकतं. पण त्याचबरोबर वासाची जी धोक्याची घंटा वाजायची, तीही उशिरा वाजते. आणि हवा नसलेल्या जागीच वाढणारे काही जंतू आहेत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम त्यातला सगळ्यात घातक. त्याचे काही प्रकार ३ अंशांच्या थोड्याशाच वरच्या तापमानातही वाढू शकतात. म्हणून "व्हॅक्युम केलंय, बाहेर राहिलं तरी चालतंय" हा समज डोक्यातून पार काढून टाका. व्हॅक्युम पॅक हा फ्रिजला पर्याय कधीच होत नाही.

कच्चं मांस ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जेवढा वेळ राहील तेवढा वेळ जंतूंच्या फायद्याचा. नेहमीच्या हवेत जास्तीत जास्त २ तास. हवा ३२ अंशांच्या वर गेली की फक्त १ तास. एप्रिल-मेमध्ये बेळगावचा पारा ३५च्या पुढं जातो, अथणी-रायबागकडं त्याहून वर, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर विचारायलाच नको. सकाळी बाजारात मटण घेतलं, मग भाजी, मग बँकेचं काम, मग कुणाकडं तरी चहा, आणि दुपारी एकला घरी. असं झालं असेल तर घरी आल्यावर वास घेण्यात अर्थ नाही. पाकीट गच्च असेल, वास ठीक असेल, तरी मी ते वापरू नका असंच म्हणेन. त्यापेक्षा मटण सगळ्यात शेवटी घ्या आणि बर्फाच्या पिशवीसोबत थेट घर गाठा.

आमच्याकडं आणखी एक प्रकार हमखास असतो. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिथल्या मोठ्या दुकानातली पाकिटं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आई-वडिलांना पाठवतो. सहा-सात तासांचा प्रवास, पार्सल बसच्या पोटात, इंजिनाच्या गरमाईजवळ. सकाळी पार्सल सोडवल्यावर पाकीट दगडासारखं कडक असेल किंवा आत बर्फाचे कण अजून दिसत असतील तर हरकत नाही, तसंच फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये टाका. नुसतं गारसर लागत असेल तर मात्र गणित चुकलेलं आहे. हाताला १५ अंशांचं पाकीटसुद्धा गारच लागतं. थर्मोकोलच्या डब्यात जेलचे बर्फ भरून, मांस पूर्ण गोठवून पाठवलं तरच हा उद्योग करावा.

आणि वीज. हेस्कॉमची वीज गेली की फ्रिज न उघडता ठेवला तर साधारण ४ तास आतला गारवा टिकतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात तारांवर झाड पडलं की वीज लवकर येत नाही हे तिकडच्यांना सांगायला नको. अशा वेळी "बघूया जरा वितळलं काय" म्हणून दर तासाला दार उघडलं की उरलेला गारवाही जातो. वीज किती वाजता गेली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, आल्यावर हिशोब करा.

फ्रिजचं तापमान ४ अंश किंवा त्याखाली हवं. डायलवरच्या १ ते ५ आकड्यांवरून तापमान कळत नाही. साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. अनेक घरांत तो ८-९ दाखवतो, आणि मग "तारखेच्या आधीच कसं उतरलं?" या कोड्याचं उत्तर तिथंच मिळतं. मटण दारातल्या कप्प्यात ठेवू नका. खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, ताटलीत ठेवा, म्हणजे गळलं तरी भाजीवर किंवा दह्यावर पडणार नाही.

पाकीट कापण्याआधी

पिशवी मटणाला गच्च चिकटलेली असेल तर व्हॅक्युम शाबूत आहे. ढिली झाली असेल तर दोन शक्यता असतात, आणि त्या ओळखायला शिकणं फार उपयोगाचं आहे.

पहिली शक्यता भोकाची. बकऱ्याच्या मटणात हे जास्त होतं, कारण हाडं. बरगडीचं टोक, नाहीतर सत्तुरानं तोडलेल्या नळीचा तासलेला कोपरा पिशवीला आतून टोचत राहतो. मशीन हवा ओढून घेतं तेव्हा प्लास्टिक त्या टोकावर ताणलं जातं. त्या वेळी टिकतं, पण पिशव्या एकमेकींवर रचल्या, गाडीत हादरल्या की सुईच्या अग्राएवढं छिद्र पडतं. ते डोळ्यांना दिसत नाही. पिशवी आडवी धरून हलकेच दाबा. कुठंतरी एका जागी, बहुधा हाडाच्या टोकापाशी किंवा सीलच्या कोपऱ्यात, गुलाबी पाण्याचा थेंब उगवतो आणि पुसला तरी परत येतो. तिथंच हवा शिरलेली असते. काल गच्च होतं, रात्रभर नीट गार फ्रिजमध्ये होतं आणि आज ढिलं दिसतंय, तर ते उघड्या मटणासारखंच धरा: पुढच्या चाचण्या करून त्याच दिवशी शिजवा. ढिलं कधी झालं हेच माहीत नसेल तर पाकिटावरच्या तारखेवर विसंबू नका. ती तारीख बंद पाकिटासाठी असते.

दुसरी शक्यता फुगण्याची. पिशवीत वायू धरलाय, बोटानं दाबलं की फुग्यासारखी परत वर येते. हा वायू जंतूंनी तयार केलेला असतो. अशा पाकिटाला चाचणी नाही, दुसरी संधी नाही. घरात कापूसुद्धा नका, तसंच दुसऱ्या पिशवीत बांधून टाका. ग्राहक म्हणतात, "पण फ्रिज तर एकदम गार होता हो!" खरं असेल. क्लॉस्ट्रिडियम एस्टरथेटिकम नावाचा एक जंतू शून्य अंशाच्या आसपासही वाढतो आणि पाकीट फुगवतो. म्हणून फुगलेल्या पाकिटासाठी दर वेळी फ्रिजला दोष देता येत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. काही कंपन्या कडक ट्रेमध्ये मांस ठेवून वर फिल्म लावतात आणि आत मुद्दाम वायूंचं मिश्रण भरतात. ते पॅक पहिल्यापासून थोडे टम्म असतात. तिथं बघायचं ते इतकंच, की विकत घेताना होतं त्याहून जास्त फुगलंय का.

आतल्या पाण्याबद्दलही बरेच जण विचारतात. ते लाल पाणी रक्त नव्हे. रक्त कापतानाच निथळून गेलेलं असतं. मांसातलं पाणी बाहेर येताना सोबत लाल रंगद्रव्य आणतं, एवढंच. थोडं पातळ, गुलाबी-लाल पाणी असणारच. तेच पाणी दुधाळ, गढूळ, दाट झालं असेल, पिशवी वाकडी केल्यावर संथपणे ओघळत असेल, तर मटण उतरायला लागलंय.

लेबल बघा. आपल्याकडं ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मावश्या ते न वाचताच पाकीट ठेवून देतात. तारखा मात्र अंकात असतात, तेवढ्या बघितल्या तरी निम्मं काम होतं: पॅक केल्याची तारीख, वापरायची शेवटची तारीख आणि कोणत्या तापमानात ठेवायचं तो आकडा. ० ते ४ अंश लिहिलेलं पाकीट ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर त्या शेवटच्या तारखेला काही अर्थ उरत नाही. १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांकही तिथंच असायला हवा.

उघडल्यावर अर्धा तास थांबा

बहुतेक चुका इथंच होतात, कारण सगळ्यांना घाई असते. गॅसवर कांदा परतायला घातलेला असतो आणि मग पाकीट कापतात.

पाकीट कापल्याबरोबर जो भपकारा येतो त्यावरून काहीही ठरवू नका. दिवसेंदिवस बंद राहिलेल्या मांसाचा थोडा आंबूस, थोडा धातूसारखा, चिकन असेल तर कधीकधी उकडलेल्या अंड्यासारखा वास पिशवीत कोंडलेला असतो. मांस अगदी चांगलं असलं तरी तो येतो. खरा प्रश्न हा, की तो जातो की राहतो.

पाणी हळूच सिंकमध्ये ओता आणि पिशवी लगेच लांब टाका, कारण निम्मा वास तिलाच असतो. तुकडे मोठ्या ताटात एकेरी थरात पसरा, एकमेकांना चिकटू देऊ नका. ताट न झाकता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २० ते ३० मिनिटं ठेवा. तोवर स्वयंपाकघराची खिडकी उघडा, कांदा-लसणाचे हात साबणानं धुवा आणि जरा बाहेर जाऊन या. एकाच वासात सतत राहिलं की नाक मरतं आणि मग काहीच कळत नाही. परत येऊन ताट नाकाजवळ घ्या. सर्दी झालेल्यानं हे काम करू नये. शंका असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, काही न सांगता, वास घ्यायला लावा.

आंबूसपणा उडून गेला आणि कच्च्या मांसाचा नेहमीचा मंद वास उरला, तर मटण ठीक. शिळ्या ताकासारखा किंवा चीजसारखा आंबट वास अर्ध्या तासानंतरही तसाच असेल, तर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू भरपूर वाढलेत. हे जंतू स्वतः फारसे धोक्याचे नसतात, पण पाकीट बरेच दिवस जुनं आहे किंवा उबेत राहिलंय हे ते सांगतात. मी असं मटण शिजवायला सांगत नाही. आणि नासक्या अंड्याचा, गटारीचा, कुजकट वास टिकून असेल तर पुढं विचारच करू नका.

बोकडाच्या उग्र वासाची मात्र गल्लत होते. खच्ची न केलेल्या मोठ्या बोकडाच्या मटणाला जो दर्प असतो तो चरबीतल्या काही विशिष्ट आम्लांचा असतो. तो ताज्या मटणालाही येतो आणि अर्ध्या तासात जातही नाही. फरक असा: बोकडाचा दर्प चरबीला जास्त असतो, लाल मांसाला कमी. उतरलेल्या मटणाचा वास ओल्या पृष्ठभागावर, विशेषतः तुकडे एकमेकांना चिकटलेल्या जागी जास्त असतो. चरबीचा एक तुकडा आणि मांसाचा एक तुकडा वेगवेगळे हुंगून बघा, लगेच कळतं. चरबीला जुन्या तेलासारखा खवट वास असेल तर ते मटण फार दिवस फ्रीझरमध्ये पडून होतं असं समजा.

हळद-मीठ या सगळ्यानंतर. आपल्याकडं मटण घरात आलं की धुऊन हळद-मीठ चोळायची सवय हाडात भिनलेली आहे. पण हळद लागली की रंग गेला, वास झाकला आणि हाताला लागणारा चिकटपणाही समजेनासा झाला. चाचणी आधी, हळद मागून. आणि चिकन नळाखाली धुऊच नका. धुतल्यानं जंतू जात नाहीत. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, कोथिंबिरीवर, शेजारच्या ताटांवर जातात. ओलं वाटत असेल तर टिश्यूनं टिपून घ्या. जंतू मरतात ते शिजवताना.

रंगाबद्दल

मांसाचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे असतो. हवा मिळाली नाही की ते जांभळट-काळपट दिसतं, हवा लागली की लालभडक होतं, आणि फार वेळ थोडीथोडी हवा लागत राहिली की तपकिरी होतं. खाटकाकडं टांगलेलं मटण लाल दिसतं कारण त्याला हवा लागतेय. पाकिटातलं तेच मटण जांभळं दिसतं कारण तिथं हवा नाही. म्हणजे पाकिटातला काळपट जांभळा रंग व्हॅक्युम नीट टिकल्याची खूण आहे.

ताटात पसरलेल्या तुकड्यांकडं अर्ध्या तासानं नीट बघा. वरची बाजू लाल झालेली असते. एक तुकडा उलटा करा. जिथं तो ताटाला टेकला होता तिथं अजून जांभळाच आहे. दोन तुकडे जिथं एकमेकांना चिकटून राहिले तिथंही जांभळा डाग दिसतो आणि तो सुटा करून ठेवला की थोड्या वेळात तोही लाल होतो. फोनवर "काळं पडलंय" म्हणणाऱ्यांना मी हेच करून बघायला सांगतो आणि बहुतेकांची काळजी तिथंच मिटते.

तपकिरी पडलेलं मटण लगेच वाईट नसतं, फक्त जरा जुनं किंवा भोक पडलेल्या पाकिटातलं असू शकतं. त्याचा निकाल वासावर आणि स्पर्शावर लावा. कापलेल्या स्नायूवर तिरकं बघितल्यावर पाण्यावरच्या तेलासारखी इंद्रधनुषी झाक दिसली तर ती प्रकाशाची करामत आहे, घाबरू नका. करडा किंवा हिरवट रंग आणि सोबत बुळबुळीतपणा असेल तर टाका. चिकनमध्ये मायोग्लोबिन कमी, त्यामुळं छातीचे तुकडे हवेतही लाल होणार नाहीत, ते फिकट गुलाबीच राहतात. पायाचे तुकडे जरा गडद असतात. गोठवलेल्या चिकनमध्ये हाडाशेजारी काळपट दिसतं ते कोवळ्या हाडातून झिरपलेल्या मगजाचं, ते खायला चालतं. फ्रीझरमधल्या मटणावर पांढुरके कोरडे चट्टे दिसले तर तो भाग सुकलाय. चवीला बरा लागणार नाही, कापून काढा, बाकीचं वापरा.

हात लावून

ओलं लागणं वेगळं, बुळबुळीत लागणं वेगळं. तुकडा टिश्यूनं टिपा आणि मग अंगठा नि तर्जनीनं दाबून बोटं विलग करा. बोटं सुटी झाली तर ठीक. मध्ये तार सुटली, किंवा टिपल्यावरही गिळगिळीत थर राहिला, तर तो जंतूंचा थर आहे. तो धुऊन निघतो आणि मटण पुन्हा ताजं दिसायला लागतं, म्हणूनच काही जण धुऊन शिजवतात. थर गेला तरी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दाबल्यावर खड्डा परत भरून येतो का ही बाजारातली चाचणी व्हॅक्युम पॅकला फारशी लागू पडत नाही, कारण पिशवीनं मांस आधीच दाबून ठेवलेलं असतं.

एवढं करूनही कधीकधी अळणी, म्हणजे मटण शिजतानाचं पाणी, उकळायला लागल्यावरच कळतं. पातेल्यातून वाफ येताना बोकडाचा दर्प येईल, तो चालतो. कुबट, कुजका, नाक मुरडायला लावणारा वास आला तर पातेलं उतरवा आणि टाकून द्या. "एवढं शिजलंय, आता काय होतंय" असं म्हणू नका. उबेत पडून राहिलेल्या मांसात स्टॅफिलोकॉकससारखे जंतू विष सोडून ठेवतात. उकळल्यावर जंतू मरतात, पण ते विष कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही.

चांगल्या मटणाच्या बाबतीतही शिजवणं पूर्ण हवं. चिकनच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश, खिम्यात ७१ अंश. रस्सा रटरटून उकळतो तेव्हा हा आकडा सहज ओलांडला जातो. अडचण येते ती तव्यावरच्या सुक्क्याची, कबाबची आणि लग्नातल्या मोठ्या डेगीची, जिथं कडेचं शिजतं आणि मधलं राहतं.

वारंवार येणारे काही प्रश्न

"फ्रीझरमधलं पाकीट सकाळी ओट्यावर काढून ठेवलं, संध्याकाळी शिजवू काय?" नको. आतून गोठलेलं असतानाच बाहेरचा थर तासन् तास उबेत राहतो. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढा. घाई असेल तर पाकीट बंद ठेवून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासानं पाणी बदला. अर्धा किलोला साधारण तासभर लागतो. मग लगेच शिजवा.

"वितळलेलं परत गोठवू?" फ्रिजमध्येच वितळलं असेल आणि वास-स्पर्श ठीक असेल तर चालतं, चव थोडी उतरते. ओट्यावर किंवा पाण्यात वितळलेलं तसंच परत गोठवू नका, आधी शिजवा.

"मासळीचं पाकीटही असंच वितळवायचं?" इथं नियम वेगळा आहे. कारवार-गोव्याकडून येणारी मासळी व्हॅक्युम पॅक आणि गोठवलेली असेल तर फ्रिजमध्ये वितळायला ठेवतानाच पाकीट कापून हवा लागू द्या. बोट्युलिनमचा मासळीत आढळणारा प्रकार थंडीतही वाढतो आणि त्याला हवा नको असते. बांगड्याचं आणखी एक आहे. तो उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. वास बरा असूनही हे होऊ शकतं.

"घरी व्हॅक्युम मशीन घेतलंय. खाटकाकडचं ताजं मटण पॅक करून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवू?" ठेवू नका. दुकानातल्या पाकिटाची मुदत जास्त असते कारण मांस आधी थंड केलेलं असतं, काम गार खोलीत होतं आणि पुढची साखळी ०-४ अंशांत राहते. खाटकाकडून आणलेलं मटण अजून कोमट असतं. ते गच्च बांधलं की मधला भाग फ्रिजमध्येही बराच वेळ कोमटच राहतो, तोही हवेशिवाय. ताटात पसरून फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊ द्या, मग पॅक करा आणि सरळ फ्रीझरमध्ये टाका. फ्रिजमध्येच ठेवायचं असेल तर एक-दोन दिवसांत संपवा. उघडलेल्या पाकिटालाही हाच हिशोब.

"घरात सून गरोदर आहे, जरा शंकाच वाटते." मग चाचण्यांच्या भरीला न पडता ते पाकीट टाका. लिस्टेरियाचा त्रास आईला किरकोळ तापाइतकाच जाणवेल, पण पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. लहान मुलं, सत्तरीच्या पुढचे, मधुमेही आणि केमोथेरपी चालू असलेले, या सगळ्यांसाठी शंका हेच पुरेसं कारण.

पाकीट टाकायचं ठरलं तर लेबलासकट फोटो काढा, त्यात पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर दिसू द्या, आणि ज्या दुकानातून आणलं तिथं त्याच दिवशी कळवा. त्या बॅचची इतर पाकिटं अजून विक्रीला असू शकतात. मटण दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका, गटारीत ओतू नका. मग फ्रिजचा तो कप्पा, ताट, सुरी आणि सिंक साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन घ्या, आणि भांडी पुसायचं फडकं त्या दिवशी वापरू नका, धुवायला टाका.